संहत आम्लाची बाटली: कपाटापासून मोरीपर्यंत

सर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तालुक्यापासून आत असलेली माध्यमिक शाळा, नववीत ५८ मुलं, प्रयोगशाळा म्हणून एक लांब खोली, तीत एकच नळ. फ्यूम हूड, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढून नेणारं कपाट, नाही, प्रयोगशाळा परिचराची जागा रिकामी. साखरेवर संहत, म्हणजे जवळजवळ पाणी नसलेलं, सल्फ्युरिक आम्ल ओतलं की काळा खांब वर येतो, तो मुलांनी फोनवर पाहिला आहे आणि ती तुमच्या मागे लागली आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, नसती जोखीम कशाला, फळ्यावर समीकरण लिहून द्या. आणि तुम्ही विचारता, करू की नको, आणि करायचं तर कसं.

माझं उत्तर आहे, करा. साखर आणि सल्फ्युरिक आम्ल ज्या मुलाने समोर पाहिलं त्याला निर्जलीकरण, म्हणजे पदार्थातलं पाणी ओढून घेणं, हा शब्द पाठ करावा लागत नाही. पण तुमचं सगळं लक्ष त्या दोन मिनिटांवर आहे, आणि तिथेच मला तुम्हाला थांबवायचं आहे. त्या दोन मिनिटांत सगळ्यांचे डोळे टेबलावर असतात, मुलं मागे सरकलेली असतात, तुम्ही स्वतः सावध उभे असता. माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीत जे भाजलं-पोळलं ते त्या दोन मिनिटांच्या आधी किंवा नंतर: बाटली कपाटातून काढताना, ओतताना, उरलेलं कुठेतरी ठेवताना, भांडी धुताना.

नोकरीचं तिसरं वर्ष असेल. दहावीपुढे साखरेचा प्रयोग छान झाला. घंटा झाली, वर्ग गेला, दोन मुली आवराआवरीला थांबल्या. मापनपात्राच्या तळाशी दीड-दोन मिली संहत आम्ल राहिलं होतं. त्याला रंग नाही, वास नाही, दिसायला पाण्यासारखंच. एकीने ते नळाखाली धरलं. तडतड असा आवाज आला आणि थेंब उडाले, दोन तिच्या मनगटावर, एक भुवईच्या अगदी वर. मी तिला तशीच ओढून नळाखाली वाकवली. शेजारच्या वर्गावरचे एक ज्येष्ठ सर धावत आले, म्हणाले, ‘‘पाणी लावू नका बाई, भडकेल. आधी कोरड्या कापडाने टिपा.’’ शिपाईमामा पानाच्या डबीतला चुना घेऊन आले. दोघांच्या मनात मदतच होती. मी पाणी बंद केलं नाही एवढंच. डोळा वाचला. मनगटावर तांदळाएवढे दोन डाग राहिले. ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे, बाजारात भेटली की आनंदाने बोलते, पण माझी नजर आधी तिच्या मनगटाकडे जाते. चूक तिची नव्हती. ते पात्र मी तसंच टेबलावर सोडलं होतं.

तेव्हा आधी पाण्याचं बोलू. ‘‘सल्फ्युरिकला पाणी लावू नये’’ हे जुन्या शिक्षकांच्या तोंडी अजून ऐकू येतं. पाणी आणि हे आम्ल मिसळताना उष्णता निघते हे खरं. पण घात होतो तो आम्ल पुष्कळ आणि पाणी थोडं असतं तेव्हा. कातडीवर एक थेंब आणि वर धो धो पाणी, अशा वेळी निघालेली उष्णता पाण्याबरोबर वाहून जाते. कापड शोधायला जाणारा प्रत्येक सेकंद आम्लाला मिळतो. म्हणून पहिल्या क्षणापासून वाहतं पाणी, आणि निदान २० मिनिटं, घड्याळ लावून. तीन-चार मिनिटांनी मूल म्हणतं, ‘‘आता नाही दुखत बाई,’’ तरी सोडायचं नाही. भिजलेला कपडा, बांगड्या, हातातला दोरा, घड्याळ, सगळं पाण्याखालीच काढायचं. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरायच्या आणि धार नाकाकडून कानाकडे जाऊ द्यायची, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जात नाही. धुणं चालू असताना दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन लावायचा. चुना, खाण्याचा सोडा, हळद, टूथपेस्ट, शाई, खोबरेल यातलं काहीही लावायचं नाही. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की उष्णता निघते, हे आपणच वर्गात शिकवतो. ती उष्णता मुलाच्या कातडीवर कशाला काढायची? आणि चुना डोळ्याला आम्लाहून वाईट. पोटात गेलं असेल तर उलटी करवायची नाही, चूळ भरायला लावायची आणि थेट दवाखाना.

तुमच्याकडे एकच नळ आहे आणि दुपारी त्याला पाणी असतं का हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल असं धरून चला. तोटी असलेले २० लिटरचे दोन जार भरून टेबलाशेजारी, उंच स्टुलावर ठेवा. मिनिटाला दीड लिटर धार सोडली तर दोन्ही मिळून २५ मिनिटं पुरतात. हे जार भरल्याशिवाय आम्लाची बाटली कपाटाबाहेर काढायची नाही, हा नियम स्वतःला घालून घ्या. त्यात कुणी पाणी प्यायला येणार नाही याकडेही लक्ष ठेवा, उन्हाळ्यात मुलं जार दिसला की पेला शोधतात.

आता आम्लाकडे. तुमच्या पत्रात तुम्ही तीव्र आणि संहत हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले आहेत. मुलंही तेच करतात, आणि सगळ्या सुरक्षेचं गणित या फरकावर बसतं. तीव्र म्हणजे पाण्यात जवळजवळ पूर्ण आयन होणारं. संहत म्हणजे पाणी कमी, आम्ल जास्त. हायड्रोक्लोरिक आम्ल पाणी घालून कितीही विरल केलं तरी तीव्रच राहतं, आणि ॲसेटिक आम्ल पाण्याविना असलं तरी सौम्यच. मोलर म्हणजे लिटरभर द्रावणात किती मोल पदार्थ आहे त्याचं माप, आणि पीएच जितका कमी तितकं द्रावण जास्त आम्लधर्मी. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिकचा पीएच १, तितक्याच ॲसेटिकचा २.९ च्या आसपास. दोन परीक्षानळ्यांत ही दोन द्रावणं घ्या आणि मॅग्नेशियमच्या फितीचे बोटाच्या पेराएवढे सारखे तुकडे एकाच वेळी टाका. एकीत बुडबुड्यांची झुंबड उडते, दुसरीत रांगेने एकेक येतात. तीव्रपणा शिकवून झाला, आणि हातावर उडालं तर धुऊन टाकण्याइतकंच आम्ल वापरलं. मग त्याच मुलांना विचारा, व्हिनेगर जास्त घेतलं तर ते तीव्र होईल का? या प्रश्नावर माझा अर्धा तास सहज जायचा, आणि जाऊ द्यायची.

म्हणजे नववी-दहावीच्या बहुतेक सगळ्या प्रयोगांना १ मोलर किंवा त्याहून विरल आम्ल पुरतं. हिशेब करून बघा. ५८ मुलांचे १२ गट, प्रत्येकाला २० मिली १ मोलर हायड्रोक्लोरिक, एकूण २४० मिली. बाजारात मिळणारं संहत हायड्रोक्लोरिक साधारण ३५ टक्के, म्हणजे ११.३ मोलरच्या आसपास. त्यातलं फक्त २२ मिली घेऊन २५० मिली द्रावण होतं. संहत सल्फ्युरिक ९८ टक्के, १८ मोलरच्या वर, तर १ मोलरच्या २५० मिलीला १४ मिली पुरे. वर्षभराचा खर्च शंभर-दीडशे मिलीच्या पुढे जात नाही. तरीही शाळांतून अडीच लिटरच्या बाटल्या घेतल्या जातात, लिटरमागे स्वस्त पडतात म्हणून. अडीच लिटर सल्फ्युरिकचं आम्लच साडेचार किलो भरतं, कारण त्याची घनता १.८४. बाटलीला हँडल नाही, हात ओला, आणि ती बाटली ५८ मुलांच्या खोलीतून न्यायची. ५०० मिलीची घ्या. मुख्याध्यापकांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. जोखीम कमी करण्याचा त्यांचा आग्रह योग्यच आहे, तो इथे खर्ची पडू दे.

खरेदीच्या वेळी कायद्याची बाजूही पाळायची आहे. ॲसिड हल्ल्यांच्या संदर्भातल्या लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने आम्लाच्या विक्रीवर बंधनं घातली. विक्रेत्याने नोंद ठेवायची, ओळखपत्र पाहायचं, १८ वर्षांखालच्या कुणालाही विकायचं नाही. ज्या शैक्षणिक संस्थांना आम्ल लागतं त्यांच्यासाठीही तिथे नियम आहेत: वापराचं रजिस्टर ठेवून ते उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सादर करायचं, साठ्याला एक जबाबदार माणूस नेमायचा, आणि आम्ल वापरलं जातं तिथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांची तपासणी करायची. अनेक शाळांत हे रजिस्टर नसतं. तुमच्याकडे नसेल तर उद्याच सुरू करा. कुलपाची किल्ली तुमच्याकडे आणि मुख्याध्यापकांकडे, तिसरीकडे कुठेही नाही. आमच्या भागात एका मुलीवर झालेल्या हल्ल्यानंतर मी तिच्या आईशेजारी बसले होते. तेव्हापासून किल्ली खुंटीला टांगलेली दिसली की मला राहवत नाही.

कपाट शक्यतो लाकडी किंवा प्लॅस्टिकचं. लोखंडी कपाटात संहत हायड्रोक्लोरिक ठेवलं की एका पावसाळ्यात बिजागऱ्या गंजतात, आणि फळी कधीतरी वजनासकट खाली येते. बाटल्या सगळ्यात खालच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या टबात, म्हणजे फुटली तर सांडेल ते टबात राहील. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक एका कपाटात असतील तर बाटल्यांवर पांढरी भुकटी चढते. ती धूळ समजून पुसली जाते. ती नवसागराची असते आणि दोन्ही झाकणांतून वाफ गळते आहे हे सांगते. नायट्रिक आम्ल स्पिरिट, ॲसेटिक आम्ल, कागद, भुसा यांपासून दूर. एप्रिल-मे महिन्यात हायड्रोक्लोरिक आणि अमोनियाच्या बाटल्यांत दाब वाढतो, म्हणून बाटली आधी थंड पाण्याच्या टबात ठेवून, तोंडापासून लांब धरून, झाकण हळूहळू सैल करायचं. आणि विरल केलेलं आम्ल पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरायचं नाही, ‘‘आजच्यापुरतं’’ म्हणूनसुद्धा नाही.

विरलीकरण मुलांसमोर करावं असं माझं मत आहे, कारण तो स्वतःच एक उत्तम प्रयोग आहे. २५० मिलीच्या बोरोसिल काचेच्या चंचुपात्रात ९० मिली पाणी घ्या, तापमापी अडकवा, आकडा फळ्यावर लिहा. मग १० मिली संहत सल्फ्युरिक काचकांडीवरून बारीक धारेने सोडत ढवळत राहा. पाणी २८ अंशांवर असेल तर पारा पन्नाशी ओलांडतो. एक मोल, म्हणजे ९८ ग्रॅम, सल्फ्युरिक आम्ल भरपूर पाण्यात मिसळलं की सुमारे ९५ किलोज्यूल उष्णता निघते. तीनशे ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानावरून उकळीला न्यायला ती पुरेल. आता उलटं केलं, आम्लात पाणी ओतलं, तर काय होईल हे मुलांकडूनच काढून घ्या. पाणी हलकं, आम्ल पावणेदोन पटीहून जड, त्यामुळे पाणी वर तरंगतं, जिथे दोघं भेटतात त्या पातळ थरातच सगळी उष्णता कोंडते, तिथलं पाणी क्षणात उकळतं आणि वाफ आम्ल घेऊन उडते. माझ्या विद्यार्थिनीच्या मनगटावर हेच उडालं. हे कधीही मापनपात्रात किंवा साध्या काचेच्या बरणीत करू नका, तापून काच तडकते.

अंगावर काय घालायचं? साधा चष्मा पुरत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल हवा. ॲप्रन सुती. निळे पातळ हातमोजे संहत सल्फ्युरिकला फार वेळ अडवत नाहीत, आणि संहत नायट्रिक तर त्यांच्यावर जोरात अभिक्रिया करतं. मी घरकामाचे जाड रबरी हातमोजे वापरत असे आणि थेंब उडाला की लगेच काढून धुवत असे. हातात काहीतरी घातलं आहे म्हणून माणूस निर्धास्त होतो, तो निर्धास्तपणा मला जास्त घाबरवतो.

इथे एक गोष्ट सांगते, कारण ती शिक्षकांनाही ठाऊक नसते. ॲप्रनवर विरल सल्फ्युरिक उडतं, आपण ‘‘विरलच आहे’’ म्हणून सोडून देतो. पाणी उडून जातं, आम्ल उडत नाही. सुकता सुकता ते कापडातच संहत होत जातं, आणि पुढच्या धुण्यात तिथे भोक पडतं. हायड्रोक्लोरिक मात्र पाण्याबरोबर बरंचसं निघून जातं. याच गोष्टीचा मी एक प्रयोग केला होता, आणि साखरेच्या खांबाआधी तो दाखवावा असं मला वाटतं. विरल सल्फ्युरिकमध्ये काडी बुडवून जाड कागदावर एका मुलीचं नाव लिहायचं. सुकलं की काही दिसत नाही. कागद मंद आचेवर लांबून शेकला की नाव काळ्या अक्षरांत उमटतं. कागद म्हणजे सेल्युलोज, साखरेचाच भाऊबंद. त्याच्यातलं पाणी ओढलं गेलं, कार्बन मागे राहिला. चार थेंबांत सगळा धडा. आचेपाशी चिमटा तुमच्याच हातात असू द्या.

आता तुमचा साखरेचा खांब. वर्ग दोन तुकड्यांत घ्या, ५८ एकदम नको. व्हरांड्यात करा, वारा मुलांकडून टेबलाकडे वाहील अशा बाजूला मुलं, टेबलापासून तीन मीटरवर. जमिनीवर खडूची रेघ ओढा, रेघ मुलं पाळतात. दमा असलेल्या मुलांना आदल्या दिवशी विचारून आणखी मागे, कारण वाफेबरोबर सल्फर डायऑक्साइड आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड निघतो. प्लॅस्टिकच्या टबात कोरडी वाळू पसरून त्यावर १०० मिलीचं उभट चंचुपात्र, त्यात १० ग्रॅम साखर, दोन-तीन थेंब पाण्याने जेमतेम ओलसर केलेली. वरून १० मिली आम्ल, काचकांडीने एकदा ढवळा आणि मागे व्हा. आधी पिवळं, मग तपकिरी, मग काळं, आणि मिनिटभर काहीच होत नाही असं वाटत असताना खांब उठतो. याच मिनिटाला नवखे शिक्षक वाकून बघतात. वाकू नका. फोनवर दिसतात तसे शंभर-शंभर ग्रॅम घेण्याची गरज नाही. १० ग्रॅमचा खांबही पात्राच्या काठावर येतो आणि मागच्या रांगेतला मुलगा ‘‘आई गं’’ म्हणतो.

तो खांब थंड झाल्यावरही आम्लाने भिजलेला असतो, आणि मुलांना त्याला हात लावायचाच असतो. स्पंजसारखा दिसतो ना. चिमट्याने उचलून तो पाण्याने अर्ध्या भरलेल्या बादलीत सोडा, मग धुण्याचा किंवा खाण्याचा सोडा चमच्याने टाकत जा, फसफस थांबेपर्यंत. १० मिली संहत सल्फ्युरिकला खाण्याचा सोडा साधारण ३१ ग्रॅम लागतो, हे गणित दहावीच्या मुलांकडून करवून घ्या. लिटमस निळाच राहिला की पाणी मोरीत, कोळसा कचऱ्यात.

मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, प्रयोग अनेक जण करतात: निळ्या खड्यांवर संहत सल्फ्युरिक टाकलं की ते पांढरे पडतात. सुंदर आहे, पण त्यात एक सापळा आहे. मुलं म्हणतात, ‘‘बाई, आता परत निळं करून दाखवा,’’ आणि हात नकळत पाण्याच्या ड्रॉपरकडे जातो. खडे ज्या परीक्षानळीत आहेत तिच्यात आम्ल आहे, त्यावर पाणी टाकायचं नाही. परत निळं करायचं असेल तर मोरचूद नुसता परीक्षानळीत तापवून पांढरा करा, थंड होऊ द्या, मग पाणी.

जस्त आणि विरल आम्लाचा हायड्रोजनही असाच निरुपद्रवी समजला जातो. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की मिश्रण पेट घेतं, इतका मोठा पल्ला फार थोड्या वायूंना असतो. सुरुवातीला शंकुपात्रात हवाच असते, म्हणून नळीच्या तोंडाशी काडी न्यायची नाही. नळी साबणाच्या पाण्यात बुडवा, फुगा सुटून वर गेला की लांब काडीला मेणबत्ती बांधून त्याला पेटवा. आवाजही गोड येतो.

सीबीएसईच्या दहावीत मीठ आणि संहत सल्फ्युरिकपासून हायड्रोजन क्लोराइड करून कोरड्या आणि ओल्या लिटमसवर दाखवतात. कोरडा लिटमस बदलायला नको, पण पावसाळ्यात कोकणात हवेतल्या ओलाव्याने तोही लाल होतो आणि मुलं गोंधळतात, म्हणून वायू ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या नळीतून न्यायचा. मीठ चिमूटभर, आम्ल एक-दोन मिली, नळीचं तोंड खिडकीकडे.

नायट्रिकबद्दल मी कडक आहे. फ्यूम हूड नसेल तर तांबं आणि संहत नायट्रिक वर्गात करू नका. तो तांबूस-तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड श्वासात गेला तर तेव्हा फार काही वाटत नाही, आणि काही तासांनी, घरी गेल्यावर, फुप्फुसात पाणी भरू शकतं. तोवर आपण शाळा बंद करून गेलेलो असतो. चित्रफीत दाखवा. हुपरीकडच्या एका मुलाने मला विचारलं होतं, चांदीकाम करणाऱ्या माझ्या वडिलांची बोटं पिवळी का? नायट्रिक कातडीतल्या प्रथिनांशी अभिक्रिया करतं म्हणून, असं सांगितलं आणि त्या दिवशीचा अर्धा तास त्या पिवळ्या बोटांवरच गेला. दुसऱ्या दिवशी वडिलांसाठी जाड हातमोजे घ्यायला तो मुलगा बाजारात गेला. आम्लराज, म्हणजे संहत हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिकचं सोनं विरघळवणारं मिश्रण, तेही करून दाखवू नका, आणि कुणी केलंच तर झाकण लावून ठेवू देऊ नका, वायू निघत राहतो आणि बाटली फुटते. त्याऐवजी गोष्ट सांगा: १९४० मध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं तेव्हा रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांनी, सैनिकांच्या हाती लागू नयेत म्हणून, माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक यांची सोन्याची नोबेल पदकं आम्लराजात विरघळवली. ते द्रावण नील्स बोर यांच्या संस्थेत फळीवर तसंच राहिलं, युद्धानंतर त्यातून सोनं परत काढलं गेलं आणि नोबेल प्रतिष्ठानाने पदकं पुन्हा घडवून दिली. ही गोष्ट मुलं वर्षभर विसरत नाहीत.

आणखी एक इशारा, हा मनावर घ्याच. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकून ‘मंत्राने’ आग लावून दाखवतात. तो कार्यक्रम पाहून एका मुलीने मला विचारलं, ‘‘ग्लिसरीनऐवजी ॲसिड चालेल का?’’ विचारलं म्हणून बरं झालं. परमँगनेट आणि संहत सल्फ्युरिक एकत्र आले की स्फोट होणारा तेलकट पदार्थ तयार होतो. क्लोरेटच्या बाबतीतही तेच भय. परमँगनेट आणि क्लोरेट हे दोन्ही आम्लाच्या कपाटात, आम्लाबरोबर एकाच टेबलावर, एकाच ट्रेमध्ये कधीही नसावेत. आणि मुलांना घरच्यासाठी सांगा: संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करायचं नाही, क्लोरीन निघतो. बंद न्हाणीघरात एका मुलाच्या आईने हे केलेलं मी ऐकलं आहे.

राहिली आवराआवर. मदतीला मुलं थांबवायचीच असतील तर त्यांना फळा पुसू द्या, खुर्च्या लावू द्या. आम्ल लागलेलं प्रत्येक भांडं तुम्हीच धुवायचं. टेबलाखाली पाण्याने पाऊण भरलेली रुंद प्लॅस्टिकची बादली आधीपासून ठेवा, आणि मापनपात्रातलं शेवटचं आम्ल त्यात काठाने, सावकाश सोडा. मग पात्र त्याच बादलीत आडवं करून हळूहळू बुडवा, तुमचा चेहरा लांब, गॉगल अजून डोळ्यांवर. नळ नंतर. टेबलावर पडलेला प्रत्येक थेंब पाणी समजून हाताने पुसायचा नाही. चिमूटभर सोडा टाकायचा, फसफसला तर आम्ल. बाटलीच्या अंगावरून ओघळलेला थेंबही याच रीतीने बघायचा, कारण पुढच्या वेळी ती बाटली उघड्या हाताने धरणारे तुम्हीच असता. झाकण घट्ट, बाटली टबात, कपाट बंद, किल्ली खिशात.

आणि घरी जाण्याआधी रजिस्टर: तारीख, नववी अ, साखरेचा प्रयोग, संहत सल्फ्युरिक आम्ल २० मिली, दोन तुकड्या, शिल्लक ४८० मिली, सही.